चार काउंटर, एक सर्व्हर: क्यूटीच्या डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनला नेटवर्क जोडताना

प्रश्न थोडक्यात असा: किराणा दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर सी++ आणि क्यूटी ६ (विंडो, बटणं, नेटवर्क यांसाठीची सी++ लायब्ररी) मध्ये लिहिलेलं आहे. आतापर्यंत ते एकाच पीसीवर चालायचं. आता काउंटर चार झालेत आणि मालाचा साठा मुख्य पीसीवर ठेवायचा आहे. क्यूटीसीपीसॉकेट (क्यूटीचा नेटवर्क जोडणीचा क्लास) वापरून काउंटर मुख्य पीसीला जोडले. घरी एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रोग्रॅम व्यवस्थित बोलतात, पण दुकानात कधी अर्धंच बिल पोचतं, कधी दोन बिलं एकमेकांना चिकटून येतात आणि अधूनमधून विंडो अर्धा मिनिट गोठते. नेमकं काय चुकतंय आणि हे पक्कं कसं करायचं?

अर्धं बिल आणि चिकटलेली बिलं या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. टीसीपी, म्हणजे सॉकेट ज्यावर चालतं तो नेटवर्कचा प्रोटोकॉल, मेसेज पोचवत नाही, बाइट पोचवतो. पाठवले त्याच क्रमाने आणि मधला एकही न गाळता पोचवतो, पण एक बिल कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं याची खूण तो ठेवत नाही. तुम्ही राइट तीनदा केलं म्हणून पलीकडे रेडीरीड (नवा डेटा आल्याची सूचना) सिग्नल तीनदा येईल असं नाही. तो एकदा येईल किंवा सात वेळा येईल.

घरी चाललं आणि दुकानात बिघडलं, याचं कारणही तिथेच आहे. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १,५०० बाइट असते. त्यातले २० आयपीच्या हेडरला आणि २० टीसीपीच्या हेडरला गेले की तुमच्या डेटासाठी जास्तीत जास्त १,४६० उरतात. चाळीस ओळींचं बिल जेएसॉनमध्ये (डेटा मजकूर म्हणून लिहिण्याची पद्धत) सहज पाच-सहा हजार बाइटचं होतं, म्हणजे चार-पाच पॅकेटं. पहिलं पॅकेट आलं की रेडीरीड वाजतो, तुम्ही रीडऑल करता आणि हातात येतो बिलाचा वरचा तुकडा. एकाच लॅपटॉपवर डेटा लूपबॅकवरून, म्हणजे पीसीच्या आतल्याआतच, जातो. लिनक्सवर त्याची मर्यादा ६५,५३६ बाइट आहे, त्यामुळे अख्खं बिल एका दमात येतं आणि चूक दिसतच नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासा, तुम्हाला सॉकेटच हवं आहे का? पलीकडे एचटीटीपी बोलणारी सेवा असेल तर क्यूनेटवर्कअ‍ॅक्सेसमॅनेजर वापरा. एकाच पीसीवरच्या दोन प्रोग्रॅमसाठी क्यूलोकलसॉकेट पुरतं. क्यूवेबसॉकेट मेसेजच्या सीमा स्वतः सांभाळतो, आणि सगळं नव्याने लिहायचं असतं तर मी तोच सुचवला असता. पण तुमच्याकडे टीसीपीचा सांगाडा तयार आहे, दोन्ही टोकं तुमच्या हातात आहेत आणि दुरुस्ती शंभरेक ओळींची आहे. तो टाकून देण्याचं कारण नाही. एक मार्ग मात्र टाळाच: मुख्य पीसीवरची एसक्यूलाइटची (एका फाइलमधल्या डेटाबेसची) फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून चारही काउंटरवरून उघडणं. नेटवर्क फोल्डरवर फाइलचं लॉकिंग भरवशाचं नसतं. एसक्यूलाइट बनवणारेच त्याबद्दल बजावतात, आणि डेटाबेस बिघडला की गेलेला साठा मोजून भरावा लागतो.

सीमेक (प्रोग्रॅम बिल्ड करण्याचं साधन) वापरत असाल तर फाइंड-पॅकेजच्या यादीत नेटवर्क हा भाग घालायचा आणि टार्गेटला क्यूटी६ नेटवर्क लिंक करायचं. क्यूमेक असेल तर क्यूटीच्या ओळीत नेटवर्क वाढवायचं. हेडर सापडलं पण लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं, तर दुसरा भाग राहिलाय. व्हीटेबलचं नाव घेऊन तक्रार आली, तर बहुधा तुमच्या क्लासमध्ये क्यू-ऑब्जेक्टचा मॅक्रो घातल्यावर सीमेक पुन्हा चालवलेलं नाही.

आता मुख्य दुरुस्ती. प्रत्येक मेसेजच्या पुढे चार बाइटची लांबी लावायची, बिग-एंडियन क्रमाने (सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी), आणि त्यामागे यूटीएफ-८ मधलं जेएसॉन. वाचणाऱ्या बाजूला प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र क्यूबाइटअ‍ॅरे बफर ठेवायचा. स्वतंत्र म्हणजे खरोखर स्वतंत्र, कनेक्शनच्या ऑब्जेक्टमधला. तो स्टॅटिक किंवा सर्व्हरच्या क्लासमध्ये सामाईक ठेवला, तर दोन काउंटरचे बाइट एकमेकांत मिसळतात, आणि ही चूक फक्त गर्दीच्या वेळी दिसते. रेडीरीडच्या स्लॉटमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मग या क्रमाने जायचं:

१. रीडऑलने जे आलं असेल ते बफरच्या शेवटी जोडा.
२. बफरमध्ये चारपेक्षा कमी बाइट असतील तर स्लॉटमधून बाहेर पडा. बाकीचे नंतर येतील.
३. पहिल्या चार बाइटमधून लांबी काढा. ती शून्य असेल किंवा तुम्ही ठरवलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त असेल (बिलांसाठी दहा लाख बाइट भरपूर झाले), तर कनेक्शन अ‍ॅबॉर्ट करून तिथूनच परत या.
४. बफरमध्ये लांबी अधिक चार इतके बाइट अजून नसतील तर बाहेर पडा.
५. पूर्ण मेसेज कापून घ्या, बफरमधून काढून टाका, पुढच्या कामाला द्या आणि पुन्हा दुसऱ्या पायरीवर या.

पाचव्या पायरीतलं 'पुन्हा' सर्वांत महत्त्वाचं. इथे व्हाइल लूप हवा, आणि बरेचदा लिहिला जातो इफ. दोन बिलं एकत्र आली की इफ पहिलं उचलतो आणि दुसरं बफरमध्ये पडून राहतं. पुढचा बाइट येईपर्यंत रेडीरीड पुन्हा वाजत नाही. लक्षण अगदी ओळखीचं आहे: शेवटचं बिल मुख्य पीसीवर दिसत नाही, नवीन बिल केलं की आधीचं उमटतं. हे दिसलं तर बाकी काही शोधू नका, इफ शोधा.

तिसऱ्या पायरीतली मर्यादा फालतू वाटते म्हणून गाळू नका. कुणी ब्राउझरमध्ये चुकून तुमचा आयपी आणि पोर्ट टाकला, तर ब्राउझर एचटीटीपीची 'गेट' विनंती पाठवतो. त्या शब्दाची तीन अक्षरं आणि पुढची स्पेस हे चार बाइट तुमचा प्रोग्रॅम लांबी म्हणून वाचतो, आणि ती लांबी होते १,१९,५७,२५,८५६. मर्यादा नसेल तर प्रोग्रॅम एकशे एकोणीस कोटी बाइटची वाट बघत बसेल. एंडियनच्या गोंधळातही हेच होतं. १९ ही लांबी उलट्या क्रमाने वाचली तर ती ३१,८७,६७,१०४ होते. म्हणून लांबी लिहिताना आणि वाचताना क्यूटीची क्यूटूबिगएंडियन आणि क्यूफ्रॉमबिगएंडियन ही फंक्शनंच वापरा, स्ट्रक्टवरून थेट मेमकॉपी करू नका.

आता मराठीत नावं असलेल्या मालाची खास अडचण. लांबी बाइटमध्ये मोजायची, अक्षरांत नाही. 'तूर डाळ' हे क्यूस्ट्रिंगमध्ये ७ एकक भरतं: त, दीर्घ ऊकार, र, स्पेस, ड, काना, ळ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि स्पेस १, म्हणजे एकूण १९ बाइट. हेडरमध्ये क्यूस्ट्रिंगची लांबी लिहिली, तर पलीकडचा प्रोग्रॅम सातच बाइट उचलतो. त्यात त, ऊकार आणि र चा एक तुकडा येतो, आणि उरलेले बारा बाइट पुढच्या मेसेजचं हेडर समजून वाचले जातात. तिथून पुढे सगळाच प्रवाह घसरतो. 'शुगर', 'राइस' असली नावं इंग्रजी लिपीत टाकून चाचणी केली, तर हे कधीच पकडलं जात नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट असतो. आधी टूयूटीएफ८ करा आणि त्यातून मिळालेल्या क्यूबाइटअ‍ॅरेची लांबी लिहा.

क्यूटीमध्ये यासाठी क्यूडेटास्ट्रीमची तयार सोयही आहे. ५.७ आवृत्तीपासून स्टार्टट्रान्झॅक्शन आणि कमिटट्रान्झॅक्शन आहेत. पूर्ण मेसेज आलेला नसेल तर कमिट अपयशी होतं आणि वाचलेले बाइट परत जागेवर जातात. लूप तिथेही लागतोच, आणि दोन्ही टोकांना सेटव्हर्जनने एकच आवृत्ती बांधावी लागते. नाहीतर एका काउंटरचं क्यूटी अपडेट झालं की काही प्रकारांची मांडणी बदलू शकते. मला लांबी आणि जेएसॉन बरं वाटतं, कारण उद्या हिशोबासाठी पायथनची छोटी स्क्रिप्ट जोडायची झाली तर तिला क्यूटीची गरज पडत नाही. एक पथ्य पाळा: जेएसॉनमधला आकडा बहुतेक ठिकाणी डबल म्हणून वाचला जातो, त्यामुळे रक्कम रुपयांच्या दशांशात न पाठवता पैशांच्या पूर्णांकात पाठवा. ₹४७.३५ म्हणजे ४७३५.

गोठणाऱ्या विंडोकडे येऊ. तुमच्या कोडमध्ये कुठेतरी वेटफॉरकनेक्टेड किंवा वेटफॉररेडीरीड आहे. काही न सांगता वापरलं तर दोन्ही ३०,००० मिलिसेकंद थांबतात, आणि तुमचं 'अर्धा मिनिट' तिथूनच आलंय. मुख्य थ्रेड (विंडो चालवणारा) थांबला की विंडो रंगवणं, माउस, कीबोर्ड, बारकोड स्कॅनर सगळं थांबतं, आणि पाचेक सेकंदांनी विंडोज शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. शिवाय वेटफॉररेडीरीड विंडोजवर अधूनमधून विनाकारण अपयशी ठरू शकतं, असं क्यूटीच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. मध्ये मध्ये प्रोसेसइव्हेंट्स पेरणं हा यावरचा इलाज नाही. त्यातून बटण दोनदा दाबलं जाऊन एकच बिल दोनदा पाठवण्याचा नवा घोळ उभा राहतो.

कनेक्टटूहोस्ट लगेच परत येतं. त्यानंतरचं सगळं काम कनेक्टेड, रेडीरीड, एररऑकर्ड आणि स्टेटचेंज्ड या सिग्नलांवर बेतायचं. जोडणीची वाट किती बघायची ते स्वतः ठरवा: पाच सेकंदांचा क्यूटायमर लावा, तोवर कनेक्टेड आला नाही तर अ‍ॅबॉर्ट. जोडणी किती वेळात फसते, यावरूनही कारण कळतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' चटकन आलं, तर मुख्य पीसी चालू आहे, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. काहीच उत्तर न येता वेळ संपला, तर पीसी बंद आहे, आयपी चुकलाय किंवा फायरवॉल पॅकेट गिळतोय.

यासाठी थ्रेड लागतो का? चार काउंटरसाठी नाही. चाळीस काउंटर असते तरी एका थ्रेडच्या इव्हेंट लूपला (सिग्नल एकेक करून हाताळणाऱ्या चक्राला) ते जड गेलं नसतं. सर्व्हरवर हळू असतो तो डेटाबेस. म्हणून सॉकेट मुख्य थ्रेडमध्येच राहू द्या आणि डेटाबेसचं काम वर्करकडे द्या, हे लक्षात ठेवून की क्यूएसक्यूएलडेटाबेसचं कनेक्शन ज्या थ्रेडमध्ये उघडलं त्याच थ्रेडमध्ये वापरायचं असतं. तरीही सॉकेट वेगळ्या थ्रेडमध्ये हवंच असेल, तर ते त्या थ्रेडमध्येच जन्माला घाला. वर्करला मूव्हटूथ्रेड करा आणि थ्रेडच्या स्टार्टेड सिग्नलवर वर्करच्या स्लॉटमध्ये सॉकेट बनवा. वर्करच्या कन्स्ट्रक्टरमध्ये बनवलेलं आणि पेरेंट न दिलेलं सॉकेट जुन्याच थ्रेडमध्ये राहतं. मग कन्सोलवर 'सॉकेट नोटिफायर्स कॅनॉट बी एनेबल्ड ऑर डिसेबल्ड फ्रॉम अनदर थ्रेड' ही ओळ येते. ती नुसती कुरकुर समजून सोडून देऊ नका. त्यानंतरचं सॉकेटचं कुठलंच वागणं खात्रीचं नसतं.

रेडीरीडच्या स्लॉटबद्दल आणखी एक. मेसेज मिळाला की तिथल्या तिथे 'साठा संपला' असा क्यूमेसेजबॉक्स उघडू नका. त्याने आत दुसरा इव्हेंट लूप सुरू होतो, आणि क्यूटी रेडीरीड स्वतःच्याच आत पुन्हा वाजवत नाही. कॅशियर 'ओके' दाबेपर्यंत त्या काउंटरचं वाचन बंद पडतं. मेसेज इनव्होकमेथडने, क्यूड कनेक्शन देऊन, पुढे ढकला आणि स्लॉटमधून बाहेर या. सॉकेट मोडतानाही त्याच्या स्वतःच्या स्लॉटमध्ये डिलीट कधीच नको, डिलीटलेटर वापरा.

तुटलेली जोडणी परत जोडण्यासाठी बरेचजण डिसकनेक्टेड सिग्नल पकडतात. तो अपुरा पडतो. जोडणी झालीच नाही, पहिल्याच प्रयत्नात नकार आला, तर एररऑकर्ड येतो पण डिसकनेक्टेड येत नाही. दोन्हींवर टायमर लावला तर काही प्रसंगी तो दोनदा सुरू होतो आणि 'ऑलरेडी लुकिंग अप ऑर कनेक्टिंग' असा इशारा मिळतो. त्यापेक्षा स्टेटचेंज्ड ऐका, आणि स्थिती अनकनेक्टेड झाली की एकच सिंगलशॉट टायमर लावा: १ सेकंद, मग २, ४, ८ असं करत ३० पर्यंत. त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, म्हणजे वीज परत आल्यावर चारही काउंटर एकाच क्षणी धडकणार नाहीत. जोडणी झाली की अंतर पुन्हा १ वर आणा आणि वाचनाचा बफर रिकामा करा. जुन्या जोडणीतला अर्धा मेसेज त्यात राहिला तर नव्या जोडणीचा पहिलाच मेसेज फुकट जातो.

जोडणी तुटल्याचं कळणं हाही वेगळा विषय आहे. प्रोग्रॅम नीट बंद झाला किंवा कोसळला, तर ऑपरेटिंग सिस्टीम पलीकडे तसं कळवते. पण मुख्य पीसीची वीजच गेली तर कळवायला कुणी उरत नाही. काउंटरचं सॉकेट निवांतपणे कनेक्टेड दाखवत राहतं. कीपअलाइव्हचा (जोडणी जिवंत आहे का ते टीसीपीनेच तपासण्याचा) पर्याय चालू केला तरी विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर पहिली चौकशी मूळ सेटिंगप्रमाणे दोन तासांनी होते. दरम्यान काही पाठवलंत, तर लिनक्स साधारण पंधरा मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि मग हार मानतो. कॅशियरसाठी हे दोन्ही निरुपयोगी. दर १० सेकंदांनी एक छोटा 'आहेस का' मेसेज जाऊ द्या, आणि ३० सेकंद पलीकडून काहीच आलं नाही तर अ‍ॅबॉर्ट करा. सर्व्हरनेही काउंटरकडे याच नजरेने बघायचं, नाहीतर मेलेल्या जोडण्या साचत जातात.

पाठवण्याच्या बाजूला एक गैरसमज असतो. राइटने परत दिलेला आकडा म्हणजे 'पोचलं' नव्हे. बाइट क्यूटीच्या बफरमध्ये गेले एवढाच त्याचा अर्थ. बाइट्सरिटन सिग्नल म्हणजे ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेले. मुख्य पीसीच्या डेटाबेसमध्ये बिल लिहिलं गेलं, हे फक्त मुख्य पीसीचा प्रोग्रॅमच सांगू शकतो. म्हणून प्रत्येक बिलाला त्याच्याकडून पोच हवी, आणि ती डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच पाठवायची. प्रोग्रॅम बंद होतानाही हेच ध्यानात ठेवा. क्लोजइव्हेंटमध्ये राइट करून लगेच बाहेर पडलात, तर इव्हेंट लूप थांबतो आणि शेवटचं बिल बफरमध्येच विरतं. डिसकनेक्टफ्रॉमहोस्ट उरलेले बाइट पाठवून मग बंद करतं, पण त्यालाही इव्हेंट लूप चालू लागतो. अ‍ॅबॉर्ट मात्र उरलेलं फेकून देतं.

पोच आली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि पैशाच्या व्यवहारात तोच सर्वांत नाजूक: बिल लिहिलं गेलं, पण पोच वाटेतच हरवली तर? काउंटर तेच बिल पुन्हा पाठवणार आणि साठा दोनदा कमी होणार. उपाय असा. काउंटरवर बिल तयार होतानाच त्याला क्यूयूयूआयडीने एक वेगळी, इतर कुठल्याही बिलाशी न जुळणारी ओळख द्या आणि ते आधी काउंटरच्या स्वतःच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये 'पाठवायची बिलं' या तक्त्यात लिहा. तिथून ते पाठवा, आणि पोच आली की मगच ती ओळ काढा. मुख्य पीसीवर त्या ओळखीच्या रकान्याला युनिक इंडेक्स ठेवा. तीच ओळख पुन्हा आली तर साठ्याला हात न लावता फक्त पोच परत द्यायची. मग काउंटरने दहादा पाठवलं तरी परिणाम एकदाच होतो. साठ्याचा मेसेजही 'आता ४७ उरले' असा नको, '३ विकले' असा हवा. दोन काउंटरनी एकाच वेळी आपापला उरलेला आकडा पाठवला, तर नंतर आलेला आधीच्याला पुसून टाकतो.

हा तक्ता असला की नेटवर्क बंद असतानाही बिलिंग चालू राहतं, फक्त बिल क्रमांकाचं काय, हा प्रश्न उरतो. पुढचा क्रमांक मुख्य पीसीकडून मागायचा ठरवलं, तर नेटवर्क गेलं की काउंटर बंद. इथे कायदाच तुमच्या मदतीला आहे. केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधल्या नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक सलग हवा, १६ चिन्हांपेक्षा मोठा नको आणि आर्थिक वर्षात त्याची पुनरावृत्ती नको, पण मालिका एक किंवा अनेक चालतात. म्हणून प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका द्या. पुढे काउंटरचा क्रमांक, मग आर्थिक वर्ष, मग सलग आकडा. क्रमांक काउंटरवरच ठरतो, कुणाला विचारावं लागत नाही.

सर्व्हरच्या बाजूला क्यूटीसीपीसर्व्हरच्या लिसनला क्यूहोस्टअ‍ॅड्रेसचा एनी द्या. लोकलहोस्ट दिलात तर फक्त त्याच पीसीवरचे प्रोग्रॅम जोडले जातात, आणि 'माझ्याकडे चालतं' या प्रकारातल्या बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात. पोर्ट १,०२४ च्या वर आणि ३२,७६८ च्या खाली निवडा. त्यावरचे आकडे लिनक्स तात्पुरत्या जोडण्यांना वाटतो, विंडोज ४९,१५२ पासून वर. न्यूकनेक्शनच्या स्लॉटमध्येही एक नव्हे, हॅजपेंडिंगकनेक्शन्स खरं असेपर्यंत सगळ्या जोडण्या उचला. छोट्या विचारणा-उत्तरांत ४० ते २०० मिलिसेकंदांचा अडखळा जाणवला, तर तो बहुधा नेगलची पद्धत (छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवणं) आणि पलीकडची उशिरा पोच यांच्या जोडीतून आलेला असतो. जोडणी झाल्यावर लोडिलेऑप्शन १ करा.

विंडोजचा फायरवॉल पहिल्यांदा लिसन झालं की परवानगी विचारतो. कामगाराच्या साध्या खात्यावर कुणी 'कॅन्सल' दाबलं, की अडवण्याचा नियम कायमचा लिहिला जातो आणि पुन्हा विचारणा होत नाही. दुकानातलं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असलं तर 'प्रायव्हेट'साठी दिलेली परवानगी लागूच होत नाही. परवानगीचा नियम इन्स्टॉलरनेच, अ‍ॅडमिनच्या हक्काने, घालावा. मुख्य पीसीचा आयपी राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून बांधून घ्या, म्हणजे तो बदलणार नाही. आणि पीसी यूपीएसवर असतात, पण स्विच आणि राउटर साध्या बोर्डवर, हे दृश्य सर्रास दिसतं. लाइट गेली की पीसी चालू आणि नेटवर्क बंद. त्यांनाही यूपीएसवर घ्या, खर्च नगण्य आहे.

दुकानाच्या पीसीवर सिस्टीम प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाण्यासाठीचा मधला सर्व्हर) लावलेली असेल आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये सिस्टीम प्रॉक्सी वापरायचं ठरवलेलं असेल, तर दुकानातल्या दुकानातली जोडणीही प्रॉक्सीकडे वळते आणि 'प्रॉक्सी टाइप इज इनव्हॅलिड फॉर धिस ऑपरेशन' अशी विचित्र तक्रार येते. या सॉकेटला आणि सर्व्हरला नोप्रॉक्सी द्या.

टीएलएस, म्हणजे जोडणीचं कूटबद्धीकरण, हवं का? काउंटर वायफायवर असतील आणि त्याच वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकांनाही दिला जात असेल, तर हवंच. सॉकेटच्या जागी क्यूएसएसएलसॉकेट येतं, सर्व्हरला क्यूटी ६.४ पासून क्यूएसएसएलसर्व्हर आहे, आणि वरची वाचनाची पद्धत जशीच्या तशी राहते. स्वतःचं सीए (इतर प्रमाणपत्रांवर सही करणारं) प्रमाणपत्र बनवा, त्याने सर्व्हरचं प्रमाणपत्र सही करा आणि ते सीए काउंटरच्या क्यूएसएसएलकॉन्फिगरेशनमध्ये घाला. प्रमाणपत्रात सर्व्हरचं नाव किंवा आयपी पर्यायी नावांच्या रकान्यात असायला हवं. इग्नोरएसएसएलएरर्स लिहून पुढे जाऊ नका. मग मधे बसून कुणी दुसरं प्रमाणपत्र दिलं तरी तुमचा प्रोग्रॅम ते स्वीकारतो. क्यूटी ६ मध्ये टीएलएस प्लगिनमधून येतं. एक्झेच्या शेजारी टीएलएस नावाचं फोल्डर आणि त्यात प्लगिनची डीएलएल गेली नाही, तर तुमच्या पीसीवर चालणारा प्रोग्रॅम दुकानात 'टीएलएस इनिशियलायझेशन फेल्ड' म्हणतो. विनडिप्लॉयक्यूटी चालवा आणि सुरुवातीलाच सपोर्ट्सएसएसएलचं उत्तर लॉगमध्ये लिहा. गिऱ्हाइकांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट वायफाय मात्र टीएलएस असो-नसो, कराच.

शेवटी चाचणी, आणि ती दुकानात नेण्याआधी. दोन छोटे चाचणी-क्लायंट लिहा. पहिला एक बिल एकेक बाइट करून पाठवतो, दर बाइटनंतर ५० मिलिसेकंद थांबून. दुसरा दहा बिलं एकत्र जोडून एकाच राइटमध्ये पाठवतो. पहिल्याला एकच बिल आणि दुसऱ्याला बरोबर दहा मुख्य पीसीच्या डेटाबेसमध्ये दिसली, तर वाचनाचा लूप बरोबर आहे. बिलांत 'तूर डाळ' आणि 'साखर' देवनागरीतच असू द्या. लिनक्सवर नेटएमने (नेटवर्क मुद्दाम बिघडवणाऱ्या साधनाने) २०० मिलिसेकंदांचा उशीर आणि दोन टक्के गळती लावून बघा. पोच पाठवण्याच्या ओळीआधी सर्व्हर मुद्दाम मारा, पुन्हा सुरू करा आणि साठा एकदाच कमी झालाय ना ते तपासा. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तुमच्या पोर्टचा फिल्टर लावलात की बिलाचे तुकडे डोळ्यांनी दिसतात. एकाच विंडोज पीसीवर दोन्ही प्रोग्रॅम असतील तर वायरशार्कच्या यादीतून लूपबॅकचा इंटरफेस निवडा, नाहीतर तिथे काहीच दिसणार नाही.